रेव्हिटमध्ये जिन्याला १८ ऐवजी १९ रायझर येतात आणि जिना वरच्या मजल्यापर्यंत पोहोचत नाही

प्रश्न (पाथर्डी_फाटा)

नमस्कार. नाशिकमध्ये पाथर्डी फाट्याजवळ पार्किंग अधिक चार मजले अशा एका निवासी इमारतीचे काम आमच्या कार्यालयात सुरू आहे आणि तिचे रेव्हिटमधील (इमारतीचे त्रिमितीय मॉडेल करण्याचे सॉफ्टवेअर) मॉडेल माझ्याकडे आहे. जिन्यावर काम अडले आहे, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

जिना डॉग-लेग्ड आहे, म्हणजे मधल्या लँडिंगवर (सपाट थांब्यावर) उलट दिशेला वळणारा. जिन्याची खोली आतून ४४०० बाय २५०० मि.मी. असून दोन्ही फ्लाइट (सलग पायऱ्यांचे टप्पे) १२०० मि.मी. रुंद आहेत आणि मधली फट १०० मि.मी. आहे. मजल्याची उंची ३००० मि.मी. असल्यामुळे आमच्या सेक्शनमध्ये (उभ्या छेदात) १८ रायझर (पायरीची उभी बाजू), प्रत्येकी १६६.६७ मि.मी., आणि २५० मि.मी.चे ट्रेड (पाय ठेवण्याची आडवी बाजू) असे ठरले आहे. म्हणजे प्रत्येक फ्लाइटला ९ रायझर आणि ८ ट्रेड. पार्किंगपासून पहिल्या मजल्यापर्यंतची उंची मात्र २७०० मि.मी. आहे.

पहिल्या ते दुसऱ्या मजल्याचा जिना काढायला घेतला की रेव्हिट आपणहून १९ रायझर दाखवते आणि प्रत्येक रायझरची उंची १६१.३ मि.मी. येते. मी ९ आणि ९ अशा दोन फ्लाइट काढल्या की खाली १८ रायझर झाले, १ शिल्लक, असे राखाडी अक्षरांत दिसते. मग काम पूर्ण करताना जिन्याचे वरचे टोक ठरलेल्या उंचीपर्यंत पोहोचत नाही, असा इशारा येतो. जिन्याच्या टाइपमधील कमाल रायझर उंची आमच्या टेम्प्लेटमध्ये १७० मि.मी. आहे. ती १९० करून रायझरची संख्या हाताने १८ लिहिली तर इशारा जातो, परंतु रायझरची उंची १७०.२८ येते आणि ती आमच्या सेक्शनशी जुळत नाही.

आणखी दोन अडचणी आहेत. हाच जिना वरच्या मजल्यांवर एकदम नेता येतो हे ठाऊक आहे, परंतु पार्किंगची उंची वेगळी असल्यामुळे तो एकच जिना म्हणून घ्यावा की वेगळा काढावा, हे समजत नाही. आणि मधल्या लँडिंगखाली दोन्ही फ्लाइटच्या वेस्ट स्लॅबच्या (पायऱ्यांखालच्या तिरक्या काँक्रीट स्लॅबच्या) खालच्या कडा एका रेषेत येत नाहीत. तिथेच कठडाही तुटतो.

फाइलमध्ये प्रत्येक मजल्याला दोन लेव्हल आहेत, एक आरसीसी स्लॅबची आणि एक तयार फरशीची. पहिल्या मजल्याचा स्लॅब +२६३५ वर आणि फरशी +२७०० वर आहे. दुसऱ्याचा स्लॅब +५६३५ वर आणि फरशी +५७०० वर. आरसीसी कन्सल्टंटची ड्रॉइंग स्लॅबच्या प्लॅनवर जोडलेली असल्यामुळे जिना मी त्याच प्लॅनमध्ये काढला आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ (रेव्हिट_अभ्यासक)

नमस्कार. आपण सर्व आकडे दिल्यामुळे निदान सोपे झाले आहे. १६१.३ ला १९ ने गुणून पाहा: सुमारे ३०६५ येतात. १७०.२८ ला १८ ने गुणले तरीही ३०६५ च येतात. म्हणजे आपण दोन वेगवेगळ्या मार्गांनी गेलात, तरी रेव्हिट दोन्ही वेळा ३००० ऐवजी ३०६५ मि.मी. उंचीचे भाग करत होते. वरचे ६५ मि.मी. म्हणजे आपल्या फरशीची जाडी.

हे असे होण्याचे कारण आपल्या प्रश्नाच्या शेवटच्या परिच्छेदातच आहे. ज्या प्लॅनमध्ये आपण जिना काढायला घेतो, त्या प्लॅनची लेव्हल रेव्हिट बेस लेव्हल म्हणून धरते. आपण स्लॅबच्या प्लॅनमध्ये होता, त्यामुळे पाया +२६३५ वर गेला, आणि टॉप लेव्हल म्हणून दुसऱ्या मजल्याची फरशी, म्हणजे +५७०० निवडली गेली. ३०६५ ला १७० ने भागले की १८ पेक्षा किंचित जास्त येते, आणि कमाल रायझर उंची ओलांडायची नसल्यामुळे रेव्हिटला १९ वर जावेच लागते. त्याचा हिशेब अचूक आहे. त्याला मिळालेली उंची आपल्याला हवी असलेली नाही.

उपाय असा. जिना निवडून प्रॉपर्टीजमध्ये बेस लेव्हल पहिल्या मजल्याची फरशी आणि टॉप लेव्हल दुसऱ्या मजल्याची फरशी ठेवा, दोन्ही ऑफसेट शून्य करा आणि टाइपमधील कमाल उंची पुन्हा १७० वर आणा. संख्या आपोआप १८ होईल आणि रायझर १६६.६७ चा येईल. आधी काढलेल्या फ्लाइट जर विस्कटल्या तर त्या पुसून नव्याने काढणे बरे. ओढून-ताणून जुळवलेली फ्लाइट पुढे कधी तरी त्रास देतेच. त्याच कारणासाठी फ्लाइटचे टोक हाताने ओढणे किंवा रिलेटिव्ह टॉप हाइट बदलून इशारा घालवणे टाळावे. इशाऱ्याच्या मजकुरातच हा मार्ग सुचवलेला असतो, त्यामुळे बरेच जण तोच करतात, आणि चुकीची एकूण उंची मात्र तशीच राहते.

कमाल उंची १९० करण्याबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण तिथे खरा धोका आहे. नॅशनल बिल्डिंग कोड २०१६ मध्ये निवासी इमारतीसाठी रायझर जास्तीत जास्त १९० मि.मी. आणि ट्रेड कमीत कमी २५० मि.मी. असे आहे, म्हणून १९० हा आकडा नियमात बसतो आणि तो लिहिताना काही खटकत नाही. परंतु आपण इशारा गेल्यावर थांबला असता, तर पाया स्लॅबवर असलेला जिना तसाच राहिला असता. त्यावर ६५ मि.मी.ची फरशी आली की पहिली पायरी १७०.२८ वजा ६५, म्हणजे जेमतेम १०५ मि.मी. दिसली असती आणि बाकी सर्व १७० च्या. अंधारात उतरणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचा पाय अशाच पायरीवर चुकतो. शिवाय कमाल रायझर उंची ही टाइपची प्रॉपर्टी आहे. ती बदलली की त्या फाइलमधील त्या टाइपच्या सर्व जिन्यांना बदल लागू होतो. खरोखरच वेगळी मर्यादा हवी असेल तेव्हा टाइपची प्रत काढून तिला वेगळे नाव द्यावे.

लेव्हलबद्दल माझा आग्रह असा की जिना, दरवाजे आणि खोल्या या सर्वांसाठी फरशीच्याच लेव्हल वापराव्यात. स्लॅबच्या लेव्हल लागतातच, परंतु त्यांना प्लॅन व्ह्यू तयार करू नयेत आणि त्यांचा टाइप वेगळ्या रंगाचा ठेवावा. आरसीसीची ड्रॉइंग फरशीच्या प्लॅनवरही जोडता येतात. मग चुकीच्या प्लॅनमध्ये जिना काढला जाण्याची शक्यताच उरत नाही.

पार्किंगचा जिना वेगळाच काढा. २७०० ला १६ रायझर घेतले की प्रत्येक १६८.७५ चा येतो, ८ आणि ८ अशा फ्लाइट होतात आणि १७० ची मर्यादाही पाळली जाते. प्रत्येक फ्लाइटला एक ट्रेड कमी लागत असल्यामुळे खोलीत २५० मि.मी. जागा सुटते, ती खालच्या प्रवेशाच्या बाजूला द्यावी, म्हणजे मधले लँडिंग वरच्या मजल्यांच्या लँडिंगच्या बरोबर खाली येईल. पहिल्या मजल्यापासून वरचा जिना मात्र एकच काढून मल्टिस्टोरी करावा. ही पद्धत रेव्हिट २०१८ पासून आहे: सेक्शनमध्ये किंवा एलिव्हेशनमध्ये जाऊन ज्या लेव्हलना जिना जोडायचा त्या निवडायच्या. इथेही फक्त फरशीच्याच लेव्हल निवडायच्या, नाहीतर ६५ मि.मी.चा तोच घोळ प्रत्येक मजल्यावर होईल. एखाद्या मजल्यावर काही वेगळे करायचे असेल तर त्या मजल्याच्या जिन्याची पिन काढून तो स्वतंत्रपणे बदलता येतो.

जिना काढला म्हणून स्लॅबमध्ये आपोआप छिद्र पडत नाही, त्यासाठी शाफ्ट ओपनिंग द्यावे लागते. ते पहिल्या मजल्याच्या स्लॅबच्या थोडे खालून सुरू करावे, म्हणजे तो स्लॅबही कापला जाईल.

पाथर्डी_फाटा

मनःपूर्वक आभार, सर. बेस लेव्हल फरशीवर आणताच १८ रायझर, १६६.६७ आणि शिल्लक शून्य, असे आले, इशाराही गेला. पार्किंगचा जिना वेगळा काढला आहे आणि वरचे मजले मल्टिस्टोरीने जोडले आहेत.

आता एक पुढचा प्रश्न. लॉबीतील फरशी ६५ मि.मी. धरली आहे, परंतु पायऱ्यांवर ग्रॅनाइट आणि खालचा मसाला मिळून ४० मि.मी.च होतात, आणि मधल्या लँडिंगवरही ४०. मॉडेलमधला जिना तयार पायऱ्यांचा आहे. साइटवर सेंटरिंगसाठी (काँक्रीट ओतण्याच्या साच्यासाठी) जी ड्रॉइंग जाईल, तिच्यात काँक्रीटच्या पायऱ्या किती उंचीच्या दाखवायच्या?

उत्तर २ (साइट_अभियंता_सिडको)

ताई, हा प्रश्न आपण ड्रॉइंग जाण्याआधी विचारलात हे फार चांगले झाले. ड्रॉइंगवर नुसते १८ रायझर, प्रत्येकी १६६.६७, असे लिहिलेले असले की सेंटरिंगवाले काँक्रीटच्या सर्व पायऱ्या सारख्या बांधतात, आणि त्यांना दोष देता येत नाही, कारण ड्रॉइंग तेच सांगते. मग फरशी बसली की तळाची पायरी लहान आणि माथ्याची मोठी होते.

आपल्या आकड्यांत हिशेब असा होतो. पहिल्या तयार पायरीचा माथा फरशीपासून १६६.६७ वर आहे. त्यातून ४० वजा केले की त्या पायरीचे काँक्रीट १२६.६७ वर येते. लॉबीचा स्लॅब मात्र फरशीच्या ६५ खाली आहे. म्हणून काँक्रीटचा पहिला रायझर १२६.६७ अधिक ६५, म्हणजे १९१.६७ मि.मी.चा हवा. दुसऱ्यापासून सतराव्यापर्यंतचे सर्व रायझर १६६.६७ चेच राहतात, कारण दोन्हीकडे जाडी ४० आहे. मधल्या लँडिंगवरही तीच असल्याने तिथे काही बदलत नाही. शेवटचा रायझर उलट होतो: सतराव्या पायरीचे काँक्रीट २७९३.३३ वर आणि वरचा स्लॅब २९३५ वर, म्हणजे १४१.६७. पहिला २५ ने मोठा आणि शेवटचा २५ ने लहान असल्यामुळे एकूण ३००० पुन्हा बरोबर जमतात.

हे न करता सगळे काँक्रीट १६६.६७ चे ओतले, तर तयार जिन्यात पहिली पायरी १४१.६७ आणि शेवटची १९१.६७ ची होईल. शेवटची तर १९० ची मर्यादाही ओलांडेल. मग मिस्त्री ती दुरुस्त करण्यासाठी वरच्या दोन-तीन पायऱ्यांवर मसाला चढवत जातो. मसाला जाड झाला की पुढे ग्रॅनाइट पोकळ वाजू लागते, किंवा काँक्रीट छिन्नीने तासावे लागते. दोन्ही गोष्टी मी पाहिल्या आहेत आणि दोन्ही टाळण्यासारख्या आहेत.

रेव्हिटमध्ये हे दाखवण्यासाठी मोनोलिथिक (एकसंध काँक्रीटच्या) जिन्याच्या रन टाइपमध्ये, म्हणजे फ्लाइटच्या टाइपमध्ये, ट्रेड सुरू करून जाडी ४० लिहावी, म्हणजे ग्रॅनाइट आणि काँक्रीट वेगळे दिसतात. पहिल्या फ्लाइटला एक्स्टेंड बिलो रायझर बेस या प्रॉपर्टीत उणे ६५ लिहावे, म्हणजे काँक्रीट फरशीच्या जाडीतून खाली जाऊन स्लॅबवर टेकते. नाहीतर सेक्शनमध्ये जिना हवेत लटकलेला दिसतो. वरच्या फ्लाइटला एंड विथ रायझर सुरू ठेवावे. मग सेक्शनमध्ये प्रत्येक पायरीवर स्पॉट एलिव्हेशन ठेवून तयार माप एकदा पडताळावे.

ड्रॉइंगवर दोन मापांच्या साखळ्या द्याव्यात, एक तयार पायऱ्यांची आणि एक काँक्रीटची, आणि काँक्रीटच्या साखळीत पहिला आणि शेवटचा रायझर वेगळा लिहून त्याभोवती वर्तुळ काढावे. साइटवर सुतार भिंतीवर पट्टी धरून पायऱ्या आखतो तेव्हा त्याला १९१.६७ सारखा आकडा उपयोगाचा नसतो. १९२ आणि १४२ लिहावे, आणि मधल्या पायऱ्या एकेक मोजत न जाता तळापासून एकत्रित उंची द्यावी. एकेक १६७ मोजत गेल्यास मधल्या १६ रायझरमध्ये पाच मि.मी.पेक्षा जास्त वाढतात.

आडव्या दिशेलाही एक बारकावा आहे. उभ्या रायझरवरही दगड बसतो, तो मसाल्यासह ३० मि.मी. धरला तर प्रत्येक पायरीचा चेहरा ३० ने पुढे येतो. सर्वच सारखे पुढे सरकत असल्यामुळे ट्रेड २५० चाच राहतो, परंतु पहिली पायरी लॉबीत ३० ने घुसते आणि वरच्या फ्लाइटची पहिली पायरी मधल्या लँडिंगमध्ये तेवढीच. १२०० चे लँडिंग काँक्रीटमध्ये बरोबर १२०० ठेवले, तर तयार होऊन ते ११७० भरते, आणि आपल्या फ्लाइटही १२०० च्याच आहेत. भिंतीच्या प्लास्टरची जाडीही याच बाजूने लागते, तीही धरावी.

उत्तर ३ (मुक्त_आरेखक)

लँडिंगखालच्या कडांचा प्रश्न उरला आहे, त्यावर लिहितो.

वेस्ट स्लॅब १५० मि.मी. धरला, तर ती जाडी उताराला काटकोनात मोजलेली असते. रेव्हिटमधील स्ट्रक्चरल डेप्थही तशीच मोजली जाते. १६६.६७ ला २५० या उतारावर तीच जाडी उभ्या रेषेत सुमारे १८० भरते. खालच्या फ्लाइटचा शेवटचा रायझर आणि वरच्या फ्लाइटचा पहिला रायझर प्लॅनमध्ये एकाच रेषेत आहेत आणि लँडिंगही १५० चेच आहे असे धरून मी मोजले. खालच्या फ्लाइटची तळाची कड त्या रेषेच्या साधारण २९५ मि.मी. आत, लँडिंगखाली, मोडते. वरच्या फ्लाइटची मात्र त्या रेषेच्या ४५ मि.मी. अलीकडेच मोडते. दोन्हींत सुमारे ३४० चा फरक पडतो, म्हणून आपल्याला कडा जुळत नाहीत असे दिसते. ही भूमितीची गोष्ट आहे. कोणतेही बटण दाबून ती जाणार नाही.

दोन्ही कडा एका रेषेत हव्या असतील तर वरच्या फ्लाइटचा पहिला रायझर एक ट्रेड, म्हणजे २५० मि.मी., लँडिंगच्या आत न्यावा लागतो आणि लँडिंगची जाडी १८० करावी लागते. दिसायला हे सर्वांत स्वच्छ आहे. परंतु आपली खोली ४४०० आहे, आणि १२०० अधिक २००० अधिक १२०० मध्ये ती पूर्ण संपते. २५० सरकवले तर त्या बाजूला लँडिंग ९५० उरेल आणि ते १२०० च्या फ्लाइटला चालणार नाही. खोली ४६५० करता आली तरच हा मार्ग धरावा. ते शक्य नसल्यास रायझर एका रेषेतच ठेवून आरसीसी कन्सल्टंटना लँडिंगच्या कडेला बीम देता येईल का, असे विचारावे. बीम आला की दोन्ही मोड त्याच्या मागे जातात आणि तळातून एकच सरळ रेषा दिसते. बीम असेल तेव्हा त्याच्या खालच्या फ्लाइटवर २.२ मीटर डोकेउंची मोकळी राहते का, ते सेक्शनमध्ये मोजून पाहावे. पार्किंगच्या २७०० च्या मजल्यात तिथेच अडचण येण्याची शक्यता जास्त असते.

कठड्याचेही गणित याच उतारावर चालते. दोन्ही रायझर एका रेषेत असले की त्या रेषेवर खालच्या आणि वरच्या हातधरणीत पूर्ण एका रायझरचा, म्हणजे १६६.६७ चा, फरक पडतो, आणि रेव्हिट कठडा सलग नसल्याचा इशारा देते. दोन्ही उतार लँडिंगमध्ये अर्धा ट्रेड, म्हणजे १२५ मि.मी., पुढे नेले तर ते एकाच उंचीवर भेटतात. कठड्याचा पाथ एडिट करून दोन्ही रेषा १२५ ने लांबवाव्यात, त्यांचा स्लोप बाय होस्ट ऐवजी स्लोप्ड करावा आणि १०० च्या फटीवरचा जोडणारा तुकडा फ्लॅट ठेवावा. त्या जागी हातधरणी लँडिंगपासून ९०० ऐवजी सुमारे ९८३ वर येईल, ते चालते.

मात्र कठड्याचा खांबही १२५ पुढे नेला तर त्या कोपऱ्यात लँडिंगची मोकळी रुंदी १०७५ उरते. यूडीसीपीआरप्रमाणे (महाराष्ट्राच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे) नकाशा सादर करताना जिन्याची रुंदी तपासली जाते, आणि साइटवर सामान वर नेतानाही अडचण होते ती याच कोपऱ्यात. म्हणून खांब रायझरच्या रेषेवरच ठेवून फक्त हातधरणी वळवावी, आणि हा तपशील १:१० मध्ये वेगळा काढून फॅब्रिकेटरला द्यावा. जिन्याची खोली लांबीने १५० ते २०० मि.मी. वाढवता येत असेल तर ते आरसीसीची अंतिम ड्रॉइंग निघण्याआधीच ठरवावे, कारण त्यानंतर जिन्याच्या बाजूचे कॉलम हलवता येत नाहीत.